सिंगापुरात घेतलेलं नाव

सिंगापूरला मला जायचं नव्हतं. शेवंता असती तर गेलोच नसतो. ती गेली, वर्षश्राद्ध झालं, आणि पोरगा म्हणाला, "अण्णा, घराला कुलूप लावा आणि चला. इथं भिंतीशी बोलत बसताय." मी भिंतीशी बोलत नव्हतो. शेवंताच्या फोटोशी बोलत होतो, आणि फोटो भिंतीवर होता. पण सुनीलला कोण समजावणार.

२०१४ सालचा श्रावण होता. दोन महिने राहिलो. परत आलो तर वाचनालयाच्या लोकांनी वही हातात दिली, म्हणाले, लिहा, गावातलं कुणी तिकडं गेलेलं नाही. मी चौथी शिकलेला माणूस. बोलतो तसं लिहिलंय. ज्याला शुद्ध पाहिजे त्यानं पान उलटावं.

आधी धंद्याचं सांगतो, पुढं ते लागणार आहे. चाळीस वर्षं मी लाऊडस्पीकर भाड्यानं दिले. कराडच्या आसपासच्या निम्म्या लग्नांची मंगलाष्टकं माझ्या कर्ण्यातून गेली असतील. माइक लागला की नाही बघायला बाकीचे 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणतात. आमच्याकडं ते काम शेवंताचं. ती माइक हातात घेऊन माझं नाव घ्यायची. दर वेळी नवा उखाणा, जाग्यावर जुळवलेला:

"कर्णा बांधला लिंबावर, वायर गेली गावभर,
बापूराव घरी बोलंनात, माइकवर बोलत्यात दिसभर."

गाव हसायचं, आणि मला कळायचं की आवाज पार ओढ्यापर्यंत पोचला.

लग्नात बायका नाव घ्यायला लागल्या की माइक फिरवायचा मी. नवरी, करवल्या, जावा, नणंदा. जिचं कपाळ मोकळं, तिला वगळून माइक पुढं न्यायचा. कुणी शिकवलं नव्हतं, सगळेच तसं करायचे. एकदा मी माझ्याच थोरल्या बहिणीला वगळलं. घरी आल्यावर शेवंता म्हणाली, "अवो, त्यांचा नवरा मेला. नाव बी मेलं का?" मी म्हणालो, रीत आहे. ती म्हणाली, "कुणाची?" मी जेवायला बसलो.

उतरलो तो दिवस

विमानात बसायच्या आधी सुनीलनं विचारलं होतं, तंबाखू घरी ठेवली ना? ठेवली म्हणालो. खोटं बोललो. कोपरीच्या आतल्या खिशात होती. सिंगापूरला उतरून तपासणीच्या रांगेत लागलो आणि त्याला वास आला. खायची तंबाखू ह्या देशात आणायलाच बंदी आहे, हे त्यानं मला तिथं सांगितलं, दातओठ खात. कचऱ्याच्या डब्यात सगळी झटकायला लावली, चुन्याच्या डबीसकट. तंबाखूची कापडी चंची मात्र मी दिली नाही. ती शेवंतानं शिवलेली, निळ्या खणाची. रिकामी चंची खिशात घालून मी सिंगापुरात शिरलो, आणि महिनाभर बोटं तिच्यात घालून नुसती फिरवत राहिलो.

बुकित बातोक

सुनीलचं घर ह्या भागात, अकराव्या मजल्यावर. ह्या इमारतींना तळमजल्यावर भिंती नसतात, नुसते खांब आणि मोकळी फरशी. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. पहिल्या आठवड्यात तिथं मलायी लोकांचं लग्न लागलं, आणि चार दिवसांनी पलीकडच्या इमारतीखाली चिनी म्हाताऱ्याची मयत. त्याच फरशीवर दोन्ही. आपल्याकडं असं कुणी करू देणार नाही. मी दोन्हीकडं जाऊन स्पीकर बघून आलो. बारके काळे खोके, आवाज बेताचा. कर्णा तिथं चालणारच नाही, खांबांत घुमेल.

नात रेवा सोळा वर्षांची. मी बोललो की म्हणायची, "आजोबा, हळू. नेबर कम्प्लेंट करतील लाह."

"ह्ये लाह काय असतंय?"

"लाह म्हणजे… लाह."

शाळेत टीचर त्यावरून रागावते म्हणाली. नीट इंग्रजी बोल म्हणते. मग बोलतेस कशाला, विचारलं. "टीचरसारखं बोललं तर फ्रेंड्स हसतील."

पहिल्याच रविवारी मानसीताईंच्या नव्या घराची वास्तुशांत होती, बेडोकला, गावाच्या दुसऱ्या टोकाला. मानसीताई म्हणजे इथल्या मराठी लोकांचा कणा. गणपतीचा कार्यक्रम त्या बसवतात, नव्यानं आलेल्यांना घर शोधून देतात, माझी दाढ दुखली तेव्हा डॉक्टरकडं त्यांनीच नेलं. बाई चांगली आहे, हे आधी लिहून ठेवतो.

जेवणं झाली आणि जोडप्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. तिकडं घरोघरी गाण्याचा एक बिनवायरचा माइक असतो, तो हातोहात फिरत होता. मानसीताई घेऊन येत होत्या. माझ्यासमोर आल्या, हसल्या, आणि हात न थांबवता माइक पुढं नेला. माझ्या शेजारी त्यांच्या सासूबाई होत्या, पुण्याहून आलेल्या, नव्वदीला टेकलेल्या. सगळे त्यांना काकूआजी म्हणायचे. त्यांनाही वगळून माइक पलीकडच्या जोडप्याकडं गेला. काकूआजी समोर बघत राहिल्या. त्यांना सवय होती.

मला नव्हती. चाळीस वर्षं जे करत होतो ते कसं लागतं, ते मला त्या खुर्चीवर कळलं.

परतीच्या गाडीत रेवा म्हणाली, "आजोबा, आजीचे उखाणे सांगा ना. गणपतीच्या प्रोग्रॅमला मला एक पीस करायचाय."

"न्हाय."

"व्हाय?"

"बायकू मेलेल्यानं नाव घ्यायचं नसतं."

"पण ते तुमचं नाव आहे. आजीच्या तोंडातलं."

"तिच्या तोंडातलं तिच्यासंगं गेलं."

तिनं कानात वायर घातली आणि खिडकीकडं तोंड केलं. खरं कारण मी सांगितलं नाही. मला ते उखाणे आठवेनासे झाले होते. तिनं आयुष्यभरात पाचशे तरी घेतले असतील, आणि कुणी एक लिहून ठेवला नव्हता. मी लोकांचे आवाज गावभर नेले, घरातला एकही टिपला नाही. आता माझ्याकडं बारा-तेरा उरले होते. सांगायला बसलो असतो तर ते उघड झालं असतं.

तबकडी

चार-पाच दिवसांनी ती शाळेतून आली, मला खाली बाकावर बसवलं आणि त्या वायरीचं एक बोंडूक माझ्या कानात घातलं, एक स्वतःच्या.

आधी काही कळेना. कुणीतरी तोंडात शेंगदाणे धरून, कसली घाई नसल्यासारखं, तालात भांडत होतं.

"ह्ये गाणं हाय?"

"रॅप आहे, आजोबा."

"शिव्या हायत?"

"थोड्या."

"मग बरं. तुझ्या आजीला लई येत व्हत्या."

ती हसली. मग तिनं त्या गाण्याच्या तबकडीची गोष्ट सांगितली. नाव मी लिहीत नाही, माझ्या जिभेला ते बसत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडची पोरं, रेवाच्या जन्माआधीची. त्या काळी ह्या गाण्यावर दोन मोठ्या शहरांची मालकी, एक पूर्वेच्या किनाऱ्यावरचं, एक पश्चिमेच्या. दक्षिणेकडच्या कुणी तोंड उघडलं की ते हसायचे. ह्यांचे शब्द लांबतात, हे खेडवळ, ह्यांना काय जमणार. ह्या पोरांनी जीभ सरळ केली नाही. आपल्याकडचं जेवण, आपल्या गल्ल्या, आपल्या म्हाताऱ्या, रविवारची प्रार्थना, सगळं आपल्याच हेलात बसवलं आणि तबकडी काढली. लोकांनी आधी नाकं मुरडली. मग रांगा लावल्या.

"आणि आता हे ऐका." तिनं दुसरं लावलं, ह्याच वर्षीचं.

मला इंग्रजी येत नाही, आवाज कळतो. खाली तोच धपकन पडणारा ढोल, माझ्या जुन्या स्पीकरचा कागद फाडला असता असा. वर शब्द तसेच ओढलेले, गूळ लागल्यासारखे.

"ह्ये बी दक्षिणंचंच."

"नाही ना. हा त्या हसणाऱ्या सिटीतला आहे. दॅट्स द पॉइंट, आजोबा. आता सगळेच त्यांच्यासारखं करतात. इथंसुद्धा, सिंगापूरचे लोक त्यांचं ऐकून सिंग्लिशमध्ये, त्या लाहवाल्या इंग्रजीत करतात. ज्यांनी हसलं त्यांनीच कॉपी मारली."

मी बोंडूक काढलं. समोर एक चिनी म्हातारा पिंजऱ्यातल्या पक्ष्याला बाहेरचा वारा देत बसला होता. मला उंडाळ्याचं एक लग्न आठवलं. मुंबईकडची पाहुणी शेवंताचं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावून हसली होती, आणि शेवंतानं माइक टेस्टिंगलाच तिला धरली होती:

"शान्या बाया नाकं मुरडत्यात, म्हणत्यात बोली रांगडी,
बापूरावांचं नाव घेती, वाजवून हिरवी बांगडी."

रेवा माझ्याकडं बघत होती. तेव्हा मला समजलं की मी हे मनात म्हटलं नव्हतं.

"आजोबा, अगेन," ती म्हणाली.

पुन्हा म्हटलं. मग दुसरा सांगितला, मग तिसरा. ती फोनमध्ये भरून घेत होती. तेरा संपले आणि चौदावा आपोआप आला, भाकरीचा:

"भाकरी टाकली तव्यावर, ठेचा वाटला पाट्यावर,
बापूराव रुसून बसल्यात चार दिस माळ्यावर."

"खरंच बसला होतात?"

"दोन दिस. चार म्हनायची तिची सवय."

संध्याकाळपर्यंत एकवीस झाले.

तुआस

एका सुट्टीच्या दिवशी सुनीलनं त्याचा कारखाना बाहेरून दाखवायला नेलं. तुआस म्हणजे गावाचं शेपूट, नुसत्या क्रेन, टाक्या आणि समुद्र. झाडंसुद्धा गणवेशात उभी असल्यासारखी. पोरगं इथं जहाजांची दुरुस्ती बघतं, त्याच्या हाताखाली वेगवेगळ्या देशांची माणसं, आणि मी अजून त्याला सुन्या म्हणतो.

कुंपणाशी उभं राहून तो म्हणाला, "रेवानं रेकॉर्डिंग ऐकवलं." आणि समुद्राकडं तोंड केलं.

"मग?"

"पुण्याला हॉस्टेलवर आईचा फोन यायचा. ती मोठ्यानं बोलायची. शेजारच्या पोरांना ऐकू जायचं. मी तिला सांगितलं व्हतं, आई, कमी बोल, मीच करीन फोन." वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडातून 'व्हतं' आलं. "मग ती मी केल्यावरच बोलायची. हळू."

मला हे माहीत नव्हतं. शेवंतानं कधी सांगितलं नाही. मला त्याचा रागच आला, आणि कुंपणापाशी त्याला चार शब्द ऐकवणार होतो, पण त्याचं तोंड बघून चंचीत बोटं घातली.

बेडोक

गणपतीच्या आठवडाभर आधी मानसीताईंकडं तालीम होती. रेवा उभी राहिली. आधी इंग्रजीत काहीतरी भरभर, मग टेबलावर थाप आणि आजीचा उखाणा, मग पुन्हा तिचं. तिला 'मुरडत्यात' म्हणताना जीभ कुठं ठेवायची कळत नव्हतं, पण ठेवत होती. काकूआजी पायानं ताल धरत होत्या.

संपल्यावर मानसीताई म्हणाल्या, "कल्पना छानच आहे गं. फक्त भाषा जरा साफ करून घेऊ." आणि माझ्याकडं वळून, "आजोबा, गैरसमज नको हं. इथली मुलं वर्षातून चार वेळा मराठी ऐकतात. त्यांच्या कानावर निदान एक नीट मराठी पडावं. आधीच किती कठीण आहे."

"ह्ये नीट न्हाय व्हय?"

"गोड आहे, आजोबा. पण नीट नाही."

मग त्यांनी पेन घेतलं. कागद रेवाच्या हातात आला तेव्हा त्यावर होतं:

"सुवासिनी जमल्या साऱ्या, घालून हिरवी बांगडी,
बापूरावांचं नाव घेते, काढून दारी रांगोळी."

शान्या बाया गेल्या, मुरडलेली नाकं गेली, रांगडी बोलीही गेली. बांगडीला रांगोळी जुळत नाही, हे चौथी शिकलेल्याला कळतं. रेवा म्हणाली, "ओके, आंटी."

खाली हॉकर सेंटरमध्ये जेवायला बसलो. मोठं पत्र्याचं छप्पर, शंभर गाडे, सगळे एकदम खातात आणि कुणी कुणाकडं बघत नाही. रेवानं दोघांना नासी लमाक घेतलं, नारळाच्या दुधातला भात, वर तळलेले सुके मासे आणि संबल म्हणून लाल चटणी. ती चटणी खाऊन मी घरची आठवण काढली. आपला ठेचाच, थोडा गोडाला लागलेला. पण त्या दिवशी मी ताट बाजूला सारलं.

"त्या तुझ्या पोरांनी असं ओके म्हनलं असतं तर आज काय ऐकलं असतंस?"

"ते ब्रेव्ह होते, आजोबा. मला स्लॉटच नाही मिळणार नाहीतर."

"स्लॉट घाल चुलीत."

"तुम्हाला सोपं आहे बोलायला." तिनं चमचा ठेवला. "त्या दिवशी आंटीनं तुम्हाला स्किप केलं. मी बघितलं. तुम्ही पण काही बोलला नाहीत. गप्प बसलात."

पोरगी खरं बोलत होती. शेवंताचा हनुवटीचा तो कोन तिच्यात आहे, हेही मी त्याच वेळी बघितलं. मी नासी लमाक संपवलं.

हॉल

गणपतीच्या कार्यक्रमाला दोनशेवर माणसं. बायका नऊवारीत, पोरं झब्ब्यात, बाहेर बुटांची रांग. पुढच्या ओळीत काकूआजी, त्यांच्या मागं आम्ही. दोन नाच झाले, एक पेटी झाली, आणि रेवाचं नाव पुकारलं. ती मानसीताईंचा कागद घेऊन वर गेली, तोंड उघडलं, आणि माइकनं शिट्टी मारली. कान फाटतील अशी. पुन्हा बोलायला गेली, पुन्हा शिट्टी. लोक हसले नाहीत, पण कुजबुज सुरू झाली.

मी उठलो. मानसीताई म्हणाल्या, "आजोबा, बसा तुम्ही, तो बघेल." तो म्हणजे सेल्वम, साउंडवाला, चाळिशीचा तमिळ माणूस, बिचारा बटणं फिरवून घामाघूम झालेला. नाचाच्या वेळी कुणीतरी स्पीकरचा खोका सरकवून माइकच्या पाठीमागं ठेवला होता, तोंड माइककडं करून. जगात कुठंही असं ठेवलं की शिट्टी वाजणारच. आम्हा दोघांना एक भाषा नव्हती. मी खोक्याकडं बोट केलं, हातानं पुढं दाखवलं. त्यानं कपाळावर हात मारला. दोघांनी मिळून खोका उचलून पुढं नेला. मी बारीक आवाजाचं बटण थोडं खाली घेतलं. त्यानं मान हलवली आणि माइक माझ्या हातात दिला. "टेस्ट, अंकल."

हॅलो म्हणायला मला येत नाही. चाळीस वर्षांत म्हटलेलं नाही. ते काम माझं नव्हतंच. मी माइक हातात धरून उभा होतो. समोर गणपती, बाजूला रेवा, आणि सगळा हॉल वाट बघत होता. दुसरा हात खिशात चंचीवर होता.

"सातासमुद्रापल्याड लावला कर्णा, आवाज जाऊ दे लांब,
शेवंताबाईचं नाव घेतो, कोण म्हणतंय थांब."

आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. माइक नीट लागला होता.

कुणी टाळी वाजवली नाही. मानसीताईंचा हात अर्धा वर आलेला, तिथंच राहिला. गणपतीपुढं, बायको गेलेला माणूस. सून अश्विनीनं खाली बघितलं. सुनील मात्र सरळ माझ्याकडं बघत होता, डोळे पुसायचीही त्याला शुद्ध नव्हती. मी माइक खाली केला नाही. म्हटलं, ज्याला थांब म्हणायचंय त्यानं म्हणावं, मी उभा आहे.

पुढच्या ओळीतून आवाज आला. "अहो लाऊडस्पीकरवाले. इकडे आणा तो."

काकूआजी. मानसीताई म्हणाल्या, "आई, अहो…"

"तू थांब गं. महिना झाला जुळवून ठेवलाय, त्या तुझ्या वास्तुशांतीपासून."

मी पायऱ्या उतरलो आणि माइक त्यांच्यापाशी नेला. किती जणींना वगळून मी तो पुढं नेला असेल, माझ्या बहिणीला धरून. ह्या खेपेला थांबलो. त्यांच्या हातात जोर नव्हता, म्हणून माइक मीच धरला.

"तीस वर्षं गिळलं नाव, आज आलं ओठांवर,
विनायकराव अजून बसलेत माझ्या झोपाळ्यावर."

मागून एक टाळी पडली, मग दोन, मग मोजता येईनात. मानसीताईंनी वर राहिलेला हात सासूबाईंच्या खांद्यावर ठेवला.

मी परत वर जाऊन माइक रेवाला दिला. तिनं कागदाची घडी घातली, अगदी बारीक, आणि माझ्या हातात दिली. मी ती चंचीत टाकली. महिन्यात पहिल्यांदा चंचीत काही गेलं.

रेवानं पाय आपटून ताल धरला. सुरुवात शान्या बायांनीच केली. 'मुरडत्यात' ह्या वेळी न अडखळता आलं, आजीसारखं ओढून, आणि पुढं इंग्रजी, आणि मधेच 'लाह', आणि पुन्हा आजी. त्या दक्षिणेकडच्या पोरांसारखा धपका खोक्यातून येत होता. सुनील जागेवर उभा राहिला होता.

मी सेल्वमच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यानं माझ्याकडं बघितलं, मोठ्या बटणाकडं बोट केलं आणि बाजूला सरकला. इथं सगळीकडं हळू बोलावं लागतं, हे मला महिनाभर सांगितलेलं होतं.

मी आवाज वाढवला.